गोठलेला होकार

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. इंटरनेटची तार ज्या काळ्या डब्यात येऊन मिळते आणि तिथून घरभर पोहोचते, तो डबा म्हणजे मी. आपली कहाणी सांगायला बसलेले बहुधा पराक्रमापासून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, आणि ती आठवली की कुठे तोंड लपवू असं होतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईने माझे स्क्रू आवळले, दुसरीने दोन अँटेना बसवल्या. शेवटी मला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. हातभर तार, पलीकडे एकच संगणक, मध्ये दुसरं कुणीही नाही. अशा परीक्षेत नापास कोण होणार? मी पहिल्या फटक्यात पास झालो. मग मला ज्या खोक्यात भरलं, त्यावर झेप घेणाऱ्या चित्त्याचं चित्र होतं. तो चित्ता म्हणजे आपणच, अशी माझी समजूत झाली.

मी ज्या घरात आलो तिथे दोन माणसं राहत होती. एक सूनबाई आणि दुसरे तिचे सासरे, आप्पा. तिचा नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाईनमन. सारी हयात खांबांवर चढण्यात गेलेली. कुठेही तार दिसली की ती येते कुठून आणि जाते कुठे, हे पाहिल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे.

सूनबाईचं काम निराळं होतं. ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. लांबच्या एखाद्या दवाखान्यात ऐकू न येणारा रुग्ण आला, की तिथून तिला व्हिडिओ कॉल येई. रुग्ण हातांनी सांगायचा, ते ती डॉक्टरांना बोलून सांगायची. डॉक्टर बोलायचे, ते ती हातांनी रुग्णाला सांगायची. दोन माणसांच्या मधला पूल म्हणजे ती. आणि त्या पुलाची फळी मी.

म्हणूनच तिला वेगवान इंटरनेट हवं होतं. यात चैनीचा भाग नव्हता. फोनवर एखादा शब्द गळला तर ऐकणारा अंदाजाने वाक्य पुरं करतो. खुणांच्या भाषेत हात मध्येच अडकले, तर वाक्याचा अर्थच उलटा होतो.

मला जोडून द्यायला कंपनीचा विक्रेता आला, तेव्हाचं बोलणं मला अजून आठवतं.

“सगळ्यात वरचा प्लॅन घेतला तर चित्र अडकणार नाही ना?” सूनबाईने विचारलं.

“मॅडम, पाण्यासारखं वाहील.”

“आणि नाही जमलं तर? दुसऱ्या कुणाची लाईन आहे का इथे?”

विक्रेता हसला. “या रस्त्यावर फक्त आम्हीच. निवड करायची डोकेदुखीच नाही.”

“म्हणजे भांडायचं तुमच्याशीच आणि नांदायचंही तुमच्याकडेच,” आप्पा म्हणाले. तरीही सूनबाईने सही केली. दुसरं काय करणार?

पहिले काही महिने मी खरंच चांगलं काम केलं. सूनबाई समुद्रावरच्या नवऱ्याला सांगायची, “डबा एकदम गुणी आहे हो.” आप्पा रोज सकाळी मऊ फडक्याने माझी धूळ पुसायचे. माझ्या कपाळावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मी मनातल्या मनात चित्त्यासारखी शेपटी हलवायचो.

मग हळूहळू रस्त्यावर नवे ग्राहक वाढले. कोपऱ्यावर कंपनीची एक लोखंडी पेटी होती. मुख्य तार तिथे यायची आणि तिथून घराघरांत वाटली जायची. घरं वाढत गेली, तार तेवढीच राहिली. दुपारी शाळा सुटल्या, लोक कामावरून परतू लागले, की माझ्या वाट्याला येणारा प्रवाह करंगळीएवढा व्हायचा. सूनबाईच्या पडद्यावर माणसांचे हात तुकड्यातुकड्यांनी हलू लागले.

तिने कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाज आला, “मॅडम, आमच्याकडे तुमच्या राऊटरचा दिवा हिरवा दिसतोय. सगळं व्यवस्थित आहे. एकदा बंद करून चालू करा.”

मित्रांनो, तो दिवा माझाच. तार जोडलेली आहे, एवढंच त्याला ठाऊक. त्या तारेतून किती येतंय, हे त्याला कुणी विचारत नव्हतं आणि तोही सांगत नव्हता. सूनबाई वेग मोजायला बसली तरी आकडा भरघोस दिसायचा, कारण ती मोजणी कंपनीच्या जवळच्याच यंत्रापर्यंत व्हायची. लांबच्या दवाखान्यापर्यंतची वाट कुणी मोजतच नव्हतं. चोराच्या बाजूने साक्ष देणाऱ्यासारखा मी तो आकडा तिच्यापुढे धरायचो.

कंपनीने सांगितलं, आणखी वरचा प्लॅन घ्या. तिने तोही घेतला. बिल वाढलं, हात तसेच अडखळत राहिले. तिने दुसऱ्या कंपन्यांनाही फोन करून पाहिले. सगळीकडून एकच उत्तर आलं, तुमचा रस्ता आमच्या हद्दीत येत नाही.

आता तो दिवस सांगतो. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलत होतो, ते बहुधा तो दिवस टाळायलाच.

दुपारचे साडेचार वाजले होते. दवाखान्यातून कॉल आला. पडद्यावर एक वयस्कर सुतार होते. लहानपणापासून ऐकू न येणारे, सोबत कुणी नाही. त्यांच्या पोटावर तातडीने शस्त्रक्रिया करायची होती. डॉक्टर घाईत होत्या. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सूनबाईचे हात चालू लागले. सुतारकाका शांतपणे उत्तरं देत होते. त्यांच्या खुणा त्यांच्या कामासारख्याच होत्या, रेखीव आणि नेमक्या.

डॉक्टरांनी विचारलं, “रक्त पातळ होण्याची गोळी घेता का?”

सूनबाईने विचारलं. काकांचा हात उठला. खूण आली, “नाही.” आणि तिथेच मी अडखळलो. चित्र थबकलं.

“नाही म्हणतायत,” सूनबाई बोलून गेली.

क्षणभराने चित्र पुढे सरकलं, तेव्हा काकांचे हात खाली येत होते. एखादं लांब वाक्य संपवून यावेत तसे. सूनबाईच्या लक्षात आलं की मधलं काहीतरी निसटलं. “डॉक्टर, एक मिनिट, पुन्हा विचारू द्या,” ती म्हणाली. पण तोवर पडदा काळा झाला होता. तिचं वाक्य माझ्याच पोटात राहिलं. डॉक्टरांपर्यंत पोहोचला होता तो फक्त “नाही”.

तिने पुन्हा पुन्हा कॉल लावला. मी सगळी ताकद लावली. काही उपयोग झाला नाही. माझा दिवा मात्र हिरवाच होता.

“आप्पा, दवाखान्याला फोन लावा आणि कुणी उचलेपर्यंत सोडू नका,” ती चपला पायात सरकवत म्हणाली. “सांगा की दुभाषी चुकली आहे. शस्त्रक्रिया थांबवा. मी निघालेय.”

“अगं, लाईन चुकली. तू कुठे चुकलीस?”

“तोंड माझं होतं, आप्पा.”

टॅक्सीने तासाभराचा रस्ता होता. आप्पा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिले. तिकडून नुसतं संगीत वाजत होतं. शेवटी एका नर्सने फोन उचलला आणि आप्पांनी एका दमात सगळं सांगितलं. मी भिंतीवर होतो तिथेच होतो. ज्याच्यामुळे हे घडलं, तोच नुसता बघत होता.

पुढचं मला कळलं ते सूनबाई परतल्यावर. ती चपलांसकट येऊन खुर्चीत बसली. आप्पांनी पाणी दिलं.

“वेळेत थांबवलं त्यांनी,” ती म्हणाली. “तुमचा निरोप पोहोचला म्हणून. मी काकांना समोर बसून विचारलं. ते म्हणाले होते, ‘आधी नाही घ्यायचो, पण गेल्या आठवड्यापासून रोज एक घेतो.’ मला फक्त ‘नाही’ दिसलं. तशीच चिरफाड सुरू झाली असती, तर रक्त थांबलं नसतं. आता आधी औषधाचा असर उतरवतायत, मग करतील.”

“देव पावला म्हणायचं.”

“त्यांनी मला एक विचारलं, आप्पा.” तिचा आवाज खाली गेला. “म्हणाले, ‘मी सगळं सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा तर हसरा होता, होकाराला मान झुकलेली. मला वाटलं, समजलं तुम्हाला.’ त्यांच्या पडद्यावर माझा चेहरा तिथेच थांबला होता. हसरा. मान डोलावताना.”

मित्रांनो, हीच ती गोष्ट. मी नुसता थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिचा होकार गोठवून त्या एकट्या माणसापुढे धरून ठेवला. जे तिला कळलंच नव्हतं, ते कळलं असं मी तिच्या चेहऱ्याने सांगितलं. सुतारकाका पुढे बरे झाले. मी काही त्यातून सुटलो नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रारीवरून कंपनीचा नेटवाला आला. पाठीवर पिशवी, खांद्यावर शिडी, घामाने भिजलेला सदरा. आप्पांनी त्याला आधी चहा दिला आणि मग विचारलं, “कोपऱ्यावरची पेटी किती घरांची?”

नेटवाल्याने कप तोंडाला लावला.

“मी पस्तीस वर्षं लाईनवर काढलीत. मला माहीत आहे, उत्तर तुमच्याकडे आहे.”

“चोवीस घरांची,” तो कपात बघत म्हणाला. “सत्तरच्या वर जोडलीत.”

“मग तसं लिहून द्या.”

“आप्पा, घरी दोन लेकी आहेत. असं लिहिलं तर उद्या मला कुणी कामावर घेणार नाही.”

त्याने अहवालात लिहिलं, ‘राऊटर सदोष. बदलून दिला.’ मला काढलं आणि माझ्या जागी माझ्यासारखाच नवा डबा लावला. तोही संध्याकाळी तसाच अडखळला. मला आप्पांनी कपाटावर ठेवून दिलं. माझ्या नावावर सगळा दोष गेला, याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. थोडा तरी माझा होताच.

सूनबाईने दवाखान्याला कळवलं की ही लाईन सुधारेपर्यंत ती घरून काम करणार नाही. जवळच्या रुग्णांकडे ती स्वतः जाऊ लागली. लांबच्यांना मात्र ती नाही म्हणू लागली, आणि प्रत्येक नकारानंतर थोडा वेळ खिडकीशी उभी राहायची.

आप्पा स्वस्थ बसणारे नव्हते. वही घेऊन ते दारोदार फिरले. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, “आम्हाला वाटलं आमचाच डबा खराब आहे.” सत्तर घरं आपापल्या भिंतीवरच्या डब्याला शिव्या देत बसली होती, शेजारच्या घरात काय चाललंय हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी ठरली. सूनबाई मला पिशवीत घालून घेऊन गेली आणि तिने मला टेबलावर ठेवलं.

कंपनीचे साहेब कागद चाळत म्हणाले, “इथे स्पष्ट लिहिलंय. राऊटर सदोष होता. आम्ही तो लगेच बदलला. विषय संपला.”

सूनबाई उभी राहिली. तिने ती दुपार सांगितली, काहीही न लपवता. “‘नाही’ हा शब्द मी उच्चारला,” ती म्हणाली. “अपुरी खूण बघून मी बोलायला नको होतं. ती चूक माझी आहे आणि ती मी दवाखान्यालाही लिहून दिली आहे. आता तुमची तुम्ही सांगा.”

साहेबांनी पुन्हा तोच कागद वर केला. मग मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. नेटवाला उभा होता.

“साहेब, तो अहवाल मी लिहिलाय,” तो म्हणाला. “खोटा आहे. राऊटर चांगला होता. पेटी चोवीस घरांची आहे आणि सत्तरच्या वर घरं मीच जोडली, वरून सांगितलं म्हणून.”

त्याची नोकरी गेली. पुढे आप्पांनी जुन्या ओळखीतून त्याला दुसरीकडे लावून दिलं, पण पगार कमी आहे. नगरपालिकेच्या आदेशाने कोपऱ्यावर आणखी दोन पेट्या बसल्या. दुसऱ्या कंपनीला रस्ता खणायची परवानगी द्यायची की नाही, यावर अजून बैठका चालू आहेत. बिल कमी झालेलं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी त्या टेबलावर सूनबाईने आपली चूक सांगितली, नेटवाल्याने आपली सांगितली. माझी पाळी आली तेव्हा माझी तार काढलेली होती आणि मला तोंड नव्हतं. म्हणून इतक्या दिवसांनी ती तुमच्यापाशी सांगतो आहे.

मला माफ करा असं म्हणत नाही. एवढंच करा. बोलता बोलता पडद्यावरचा माणूस हसऱ्या चेहऱ्याने स्तब्ध झाला, तर त्याला सगळं कळलं असं समजू नका. थांबा. त्याचा चेहरा पुन्हा हलेपर्यंत वाट बघा. आणि सांगितलेलं सगळं, पहिल्यापासून, पुन्हा एकदा सांगा.