नवव्या होलचा उतार

माळ्याने खडी दाबायचं यंत्र तिसऱ्यांदा फिरवलं, बंद केलं आणि टाचेने जमीन ठोकून पाहिली.

"आणखी किती दाबाल, बाबा?" लेक म्हणाली. "आता खाली पाताळ लागेल."

"बसली नाही अजून. चार महिन्यांनी खड्डा पडला तर तुझंच नाव जाईल."

व्यवसाय लेकीचा होता. गाडी तिची, गिऱ्हाइकं तिची, घराच्या मागच्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरून छोटं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच टोलवून होलमध्ये, खळग्यात, घालायची जागा करून द्यायची कल्पनाही तिचीच. तो तिच्या हाताखाली काम करायचा. तेवीस वर्षं त्याने गोल्फ क्लबाची खरी हिरवळ राखली होती. "या गवताला निदान तहान तरी लागत नाही," असं लेक त्याला चिडवायची. पण माळी हे नाव त्याला अजून चिकटून होतं.

मागचं दार उघडलं. काठी टेकत कोणी तरी पायरीवर आलं.

"मुली, चेंडू डावीकडे वळला पाहिजे बरं का. अगदी जाता जाता, शेवटच्या हातभर अंतरात."

चेहरा दिसायच्या आधी आवाज पोचला. माळ्याची पाठ दाराकडे होती, तोंडावर धुळीसाठी बांधलेला फडका होता. तो वळला नाही. हातातलं फावडं मात्र त्याने इतक्या जोरात रोवलं की दाबलेली खडी उसकटली.

सोळा वर्षांपूर्वी हाच आवाज, क्लबाच्या अध्यक्षांचा, पायऱ्यांवरून, सगळ्या सभासदांच्या आणि नोकरांच्या देखत म्हणाला होता, "दारू ढोसून औषध फवारतो! किल्ल्या ठेव आणि चालता हो." मोठी स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि सगळी हिरवळ वाळक्या काडीसारखी पिवळी पडली होती. औषधाचं माप अध्यक्षांनी स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. "साहेब, हे फार जहाल होईल," असं तो दोनदा म्हणाला होता. माळ्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण दारुड्या माळ्याला दुसरीकडे काम कोण देणार? तो पीत नाही हे बायको भेटेल त्याला सांगत राहिली, पार डोळे मिटेपर्यंत. लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती.

म्हातारे अध्यक्ष खुर्चीत बसले. लेकीने कागदावरचा आराखडा त्यांच्यापुढे धरला.

"क्लबातल्या नवव्या होलसारखं हवं मला," ते म्हणाले. "गुडघे गेले, आता तिथवर जाववत नाही. ते एक ग्रीन तरी दाराशी असावं. आमच्या एका माळ्याने केलं होतं. काय हात होता त्याचा!"

"कुठला क्लब, साहेब?"

त्यांनी सांगितलं. लेकीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने बापाकडे पाहिलं नाही.

"मग त्याच माळ्याला का नाही बोलावलंत?"

"काढला होता त्याला. मोठी भानगड झाली होती तेव्हा."

"दारू प्यायचा म्हणून?"

"छे गं!" ते हसले. "थेंबाला शिवत नव्हता. औषधाचं माप माझंच चुकलं होतं. पण स्पर्धा तोंडावर, सगळे माझ्या डोक्यावर बसलेले. कुणाला तरी दार दाखवावं लागतंच. आणि दारूचं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

सोळा वर्षं माळ्याने हे शब्द मनात घोळवले होते. ते चारचौघांत, मान खाली घालून बोलले जातील, असं त्याला वाटायचं. त्याने तोंडावरचा फडका ओढून काढला आणि समोर जाऊन उभा राहिला.

"ओळखलंत?"

अध्यक्षांनी डोळे बारीक केले.

"अरे, तू होय! बरा दिसतोस की." भाजी घेताना जुना शेजारी भेटावा तसा त्यांचा सूर होता. "मग प्रश्नच मिटला. तुला उतार सांगायला नको." घरात फोन वाजला, तसे ते काठी टेकत उठले आणि आत गेले.

लेकीने हिरवळीच्या रोलला सणसणीत लाथ घातली.

"गुंडाळा सगळं! या माणसासाठी एक खिळासुद्धा ठोकायचा नाही मला."

"काम पुरं करून जायचं."

"बाबा!"

"अर्धवट टाकून गेलो तर उद्या हा काय सांगत सुटेल, ठाऊक आहे ना? पिऊन आला होता म्हणेल."

रागाने लाल झालेला तिचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि डोळे भरून आले.

"म्हणजे तुम्ही खरंच कधीच..."

ती तिथेच थांबली. पण उशीर झाला होता.

त्या दिवसांत तो कामाच्या शोधात दिवसभर वणवण करून घरी यायचा. ही पोर धावत येऊन गळ्यात पडायची आणि नाक त्याच्या तोंडाशी नेऊन मोठा श्वास घ्यायची. रोज, न चुकता. माझी लेक माझ्याशिवाय राहत नाही, असं तो कौतुकाने सगळ्यांना सांगत असे.

"सुरी दे," तो म्हणाला.

"बाबा, मी लहान होते."

"सुरी दे म्हटलं ना."

त्याने उसकटलेली खडी पुन्हा बसवली, उतार जुळवला, हिरवळ कापली, सांधे चिकटवले. ती वाळू पसरत गेली, तो ती ब्रशने पात्यांत मुरवत गेला. सांधा धरताना दोघांची बोटं एकमेकांना लागली तेव्हा त्याने हात काढून घेतला.

ऊन उतरल्यावर अध्यक्षांनी पहिला चेंडू मारला. तो सरळ गेला, शेवटच्या हातभरात डावीकडे वळला आणि खळग्यात पडला.

"वा!" ते ओरडले. "तसाच! अगदी तसाच!"



लेकीने हत्यारं गाडीत भरली, पुढे बसून शेजारचं दार आतून उघडलं आणि वाट पाहत राहिली. माळी त्या दारावरून पुढे गेला, मागचं दार उघडून उरलेल्या रोलांमध्ये जाऊन बसला आणि त्याने ते आतून ओढून घेतलं.