पदर उडवणारा पंखा

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू पटकन पसंत पडत नाही. साधा कंदील घ्यायचा तर दुकानातले सगळे पेटवून बघतात. मला मात्र एका नजरेत पसंत केलं, असं ते चारचौघांत सांगतात. माझी आई म्हणते, त्या दिवशी त्यांना शेवटची एस.टी. गाठायची होती.

भीमेवर धरण झालं, पाणी तुंबलं आणि माझं माहेर पलीकडच्या काठाला राहिलं. पूर्वी उन्हाळ्यात नदी उतरून गेलं की न्याहारीला आईपाशी पोचायची मी. आता वळसा घालून, दोन ठिकाणी एस.टी. बदलून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. आई तिकडं एकटी. वर्षात एकदाच जाऊन आले, तेही एका मुक्कामापुरतं. आईशी धड बोलणंसुद्धा झालं नाही. मला तिच्यापाशी आठ दिवस राहायचं होतं, बाकी काही नको होतं.

"जा की. मी कुटं नगं म्हंतोय?" हे म्हणायचे. आणि लगेच पुढं, "कवा येनार?"

मी अजून पिशवीसुद्धा भरलेली नसायची.

शेवटी ह्यांनीच मनावर घेतलं. ह्यांचं गावात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान, त्यामुळं जे फिरतं ते आपल्याला कळतं असा ह्यांचा समज. डांबराची रिकामी पिंपं आणली, त्यावर बाभळीच्या फळ्या ठोकल्या आणि तराफा केला. मग आम्ही दोघं केम स्टेशनावर रेल्वेत बसून सोलापूरला गेलो. जुन्या बाजारात एका चाचांकडं बोटीची मोटर होती, मागं अडकवायची. तिच्याबरोबर पोत्यात दोन पंखे, पाण्यात फिरणारे. एकाची पाती चांगलीच पिळलेली. दुसऱ्याची रुंद आणि चपटी.

"ये तेज है, वो ताकतवाला है," चाचा म्हणाले. "तुमारे कू क्या होना, तुमीच देखो."

ह्यांनी दोन्ही घेतले. परतीच्या गाडीत दोन मांड्यांवर दोन पंखे ठेवून बसले होते, जुळी पोरं घेऊन बसावं तसे.

आता यातला बसवायचा कुठला? आमच्या भागात विहीर आणि उतरून जायची नदी यापलीकडं पाणी कुणाला ठाऊक होतं! पंखा म्हणजे वारा घालणारा, एवढंच आमचं ज्ञान. ह्यांनी दुकानात हत्यारांना धार लावायच्या मोटरवर एकेक पंखा चढवला आणि मला समोर उभी केली.

"ताने, हल्लीस तर बघ. पदर किती उडतोय ते बघायचंय."

चपट्या पंख्यानं पदर जरा हलला. पिळलेल्या पंख्यानं तो उडाला तो थेट तोंडावर. दुकानासमोर जमलेली मंडळी हसायला लागली. हे मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ठरलं. ह्योच."

मला राग आला होता. पण त्यांचा तो खुळा आनंद बघून मी नुसता पदर सावरला.

पहिल्यांदा हे एकटेच निघाले. तराफा असा पळाला की काठावरची पोरं ओरडत राहिली. हे मधोमध जाऊन, ऐटीत वळण घेऊन परत आले आणि म्हणाले, "जेवन करून जायचं, चहाच्या टायमाला माघारी."

मग आम्ही चढलो. मी, आईसाठी घेतलेलं जोंधळ्याचं पोतं, पलीकडं जाणाऱ्या दोघी बायका, आणि आमचा शेजारी भिमा त्याच्या शेळ्या घेऊन. मोटर घुरघुरली, काळा धूर सोडला आणि दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. समोरून वारा होता. तराफा हलला खरा, पण बाजूला. भिमाची शेळी शांतपणे पोत्यातले जोंधळे खात होती. अखेर बांबूनं रेटत आम्ही निघालो त्याच काठाला परत लागलो.

"गुंडाभाऊ, आमी चालतच जातो की," भिमा ह्यांना म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडचं आईचं लिंबाचं झाड मला दिसत होतं.

ह्यांनी ते पाहिलं. दोन्ही पंखे घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि एकेक हातानं फिरवू लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्यो दर फेऱ्याला लई मोठा घास घेतोय. वजं नसलं तर जमतंय. वजं आलं की मोटरच्या घशात अडकतोय. त्यो चपटा ल्हान घास घेतो, पन दमत न्हाय."

"मग तोच बसवा की."

"हळू जातोय त्यो. सांजच्याला माघारी यायचं न्हाय जमनार." पंख्यावरचं पाणी झटकत म्हणाले, "तुला ऱ्हावं लागंल तितं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पळणारा पंखा मला माहेरी न्यायला नव्हताच. तो मला परत आणायला होता!

पण ह्यांनीच तो चपटा पंखा बसवला, स्वतःच्या हातानं, नट दोनदा आवळून. तराफा सगळ्या वजनासकट, वाऱ्याला न जुमानता, संथपणे पलीकडं गेला. आई काठावरच उभी होती. तिनं माझे दोन्ही हात धरले ते घरी जाईपर्यंत सोडलेच नाहीत. "आठ दिसांनी येतो," असं लिंबाच्या झाडाकडं बघून सांगत हे रिकाम्या तराफ्याला पळणारा पंखा लावून परतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटरचा आवाज आला. हे एकटेच, भरधाव.

"आलो आपला सहज. रिकाम्या तराफ्यावर पळनारा पंखा कसा चालतो बघाय."

"बघितलासा?" आईनं विचारलं.

"लई झ्याक."

"आन् तानीला न्यायचं म्हनलं तर? तिच्यासंगं मी शेळी देनार हाय, भुईमूग देनार हाय."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "चपटा पंखा घरीच ऱ्हायला की वो मामी! आन् आता वारं उलटं फिरलंय, ते पडंपातूर माघारीबी जाता येत न्हाय."

स्क्रूसुद्धा मोजून ठेवणारा माणूस पंखा विसरला! मी हत्यारांची पिशवी उघडली. आत पाना होता, पक्कड होती, तेलाची बाटली होती. आणि खाली, तेल लागू नये म्हणून कागदात गुंडाळलेला, धुतलेला सदरा होता. मी पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

"कवा जानार?" मी विचारलं.

"वारं पडलं की," ते म्हणाले.

वारा दिवस मावळायच्या आतच पडला. आईनं जावयासाठी भाकरी थापायला घेतली, मी शेंगा भाजायला बसले. पाण्याकडं कुणी बघितलं नाही.