फोटोच्या मधोमध नमुना

फोटोग्राफर काळाला थांबवतो, असं म्हणतात. बोट बटणावर पडतं, क्षण जागच्या जागी उभा राहतो आणि साधासुधा माणूस अमर होतो. या गोष्टीतल्या फोटोग्राफरने अठ्ठावीस वर्षांत अशी निदान सहा हजार माणसं अमर केली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पैसे दिले नव्हते. अमर माणसाला घाई कसली?

न दिलेले हे पैसे बाहेरच्या खोलीतल्या लाकडी कपाटात वस्तुरूपाने राहत. एकूण त्रेचाळीस ऑर्डरी. लग्नांचे अल्बम, पदवीचे झगे घातलेल्या मुलींच्या फ्रेमा, एका जुळ्यांचा पहिला वाढदिवस. ती जुळी आता शाळेत जात होती. सगळं छापून, बांधून, झाडूनपुसून तयार होतं, फक्त न्यायला कोणी येत नव्हतं.

याचं मूळ फोटोग्राफरच्या स्वभावात होतं. पैसे मागायची वेळ आली की तो हवापाण्यावर बोलायला लागे. गिऱ्हाइकाने आपणहून "किती द्यायचे?" विचारलं तरी हा म्हणायचा, "बघू हो सावकाश, कुठे पळून जाताय." आणि गिऱ्हाईक ती सूचना समजून पळून जायचं.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालक आले. सभ्य माणूस. आधी चहा घेतला, मग सात महिन्यांचं भाडं राहिल्याची आठवण करून दिली, आणि जाता जाता सांगितलं की शेजारच्या डेंटिस्टला दुसरी खुर्ची टाकायला जागा हवी आहे. महिनाअखेरीपर्यंत भाडं चुकतं झालं नाही, तर आतली खोली डेंटिस्टला द्यावी लागेल. भिंतीत दार पाडायला गवंडी दोन दिवस घेतो, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं.

आतली खोली म्हणजेच स्टुडिओ. राखाडी पडदा, एक उंच स्टूल, आणि डाव्या हाताला मोठी खिडकी. या खिडकीतून येणारा उजेड कोणाच्याही नाकाला शोभा आणतो, असं फोटोग्राफरचं मत होतं आणि सहा हजार नाकं त्याला साक्ष होती. खोली गेली तर बाहेरचं काउंटर आणि झेरॉक्सचं मशीन तेवढं उरणार होतं. उरलेलं आयुष्य लोकांचे दाखले पालथे घालून हिरवं बटण दाबण्यात जाणार, हे चित्र त्याला फार स्पष्ट दिसत होतं. चित्र स्पष्ट दिसणं हा त्याचा धंदाच होता.

म्हणून त्याने छातीवर दगड ठेवून वसुलीला सुरुवात केली. पहिला फोन एका निवृत्त इंजिनिअरला लावला. वीस मिनिटांनी तो खाली ठेवला तेव्हा इंजिनिअरच्या दोन्ही गुडघ्यांची सविस्तर माहिती हाती आली होती, आणि अल्बमबरोबर एक फ्रेम फुकट द्यायचं कबूल करून झालं होतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "आता मी वन्संना बोलावते."

वन्सं म्हणजे फोटोग्राफरची थोरली बहीण, ताई. एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिने एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली सव्वीस वर्षं तिच्याकडे एकच काम होतं: मुदत उलटून गेलेली पुस्तकं परत मिळवणं. ती निवृत्त झाली त्या दिवशी एकही पुस्तक बाहेर राहिलं नव्हतं, असं सांगतात. एका प्राध्यापकाने तर न नेलेलं पुस्तकसुद्धा आणून दिलं होतं.

ताई सोमवारी सकाळी हजर झाली. बरोबर कोऱ्या कार्डांचा खोका, दोन पेन्सिली आणि बसायला स्वतःची उशी. आल्या आल्या तिने बावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या भावाकडे हात पसरला आणि म्हणाली, "सोन्या, कपाटाची किल्ली."

दोन दिवस ती कार्डं लिहीत होती. एका ऑर्डरीला एक कार्ड. कोणी, कधी, काय काढून घेतलं, आणि शेवटची सबब कोणती दिली. मग तिने ती सबबींप्रमाणे लावली. "मुलगा परदेशातून आला की लगेच" या सबबीची नऊ कार्डं निघाली. त्यांतल्या दोघांना मुलगाच नव्हता. फोटोग्राफर मागे उभा राहून हे बघत होता. इतकी वर्षं ज्याला तो आपलं नशीब समजत होता, ते असं वर्गवारीने लावता येतं, हे त्याला नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी ताईने विचारलं की या माणसांना स्वतःच्या लग्नाचे फोटो बघावेसे वाटत नाहीत की काय. फोटोग्राफर म्हणाला, बघितलेत की. निवड करायला म्हणून तो सगळे फोटो लहान करून आधी फोनवर पाठवतो. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव असतं, पण ते लोक कापून टाकतात. त्याने इंजिनिअरचा नंबर उघडून दाखवला. नावाशेजारच्या गोल चित्रात, मुलीच्या लग्नानिमित्त स्टुडिओत येऊन फोटो काढून घेतलेले इंजिनिअर प्रसन्न हसत होते. डावीकडच्या खिडकीने नाकाचं सोनं केलं होतं.

"म्हणजे पुस्तक त्यांच्याकडेच आहे," ताई म्हणाली. "तू इथे नुसता पुठ्ठा सांभाळतोयस."

मग तिने नाव कोपऱ्यातच का, असं विचारलं. मधे टाकलं तर चेहरे झाकले जातात, फोटो वाईट दिसतो, असं तो म्हणाला. ताईच्या मते पैसे न दिलेला फोटो वाईटच दिसायला हवा. ग्रंथालयात प्रकाशकांकडून चाळायला पुस्तकं येत, त्यांच्यावर 'नमुना प्रत' असा शिक्का असे, म्हणजे ती कोणाला विकता येऊ नयेत. तोच शिक्का इथे मारायचा, चांगला ठळक, फोटोच्या बरोबर मधोमध. त्याने करून पाहिलं. एवढ्या मोठ्या अक्षरांत दोन शब्द रुंदीत मावेनात. ताईने 'प्रत' गाळायला सांगितलं.

राहिलं ते 'नमुना'.

फोटोग्राफर स्क्रीनकडे बघत राहिला. इंजिनिअर सहकुटुंब उभे होते आणि शब्द नेमका त्यांच्या छातीवर आला होता. लहानपणी दोन पायांत दोन वेगळे बूट घालून तो शाळेला निघाला, तेव्हा ताईने त्याला हेच नाव दिलं होतं, आणि ते त्याला पुढे दहावीपर्यंत पुरलं होतं.

"ताई, लोक याचा भलताच अर्थ घेतील."

"नमुना म्हणजे नमुना. दुसरा कुठला अर्थ तुला माहीत आहे?"

तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. एकतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला चेहरा तो, त्यातून काय कळणार?

एक गोष्ट मात्र फोटोग्राफरला पक्की माहीत होती. घरच्या फोटोत मधोमध कोण बसणार, हे वय, पैसा आणि राग यांच्या बेरजेवर ठरतं. म्हणजे शिक्का प्रत्येक घरात अचूक माणसावर पडणार होता. शिवाय ऑर्डरीच्या कागदावर दोन्हीकडच्या मंडळींचे मिळून चार-पाच नंबर असत. ताईने फोटो सगळ्यांना पाठवायला लावले. ग्रंथालयाचं स्मरणपत्रही एक घरी आणि एक विभागप्रमुखाकडे जात असे. सोबतचा मजकूर तिनेच सांगितला: "आपली ऑर्डर तयार आहे. निवडीच्या प्रती नव्या पद्धतीने पाठवीत आहोत. कळावे." पैशाचा उल्लेख कुठेच नाही.

पहिला फोन दीड तासात आला. इंजिनिअर होते. आवाज चढलेला. ताईने फोन स्पीकर लावून काउंटरवर ठेवला.

"अहो, माझ्या छातीवर काय लिहिलंय हे?"

"नमुना," ताई म्हणाली.

"व्याह्यांनी सगळ्या ग्रुपवर फिरवलाय. खाली लिहिलंय, फोटोग्राफरची नजर पक्की."

"ते तात्पुरतं आहे. पैसे भरले की नमुनेपणा निघून जातो."

इंजिनिअर संध्याकाळी आले, आपल्या गुडघ्यांसह दोन पायऱ्या चढून. सगळी रक्कम मोजून दिली. फुकटच्या फ्रेमेची आठवण त्यांनाही झाली नाही आणि फोटोग्राफरलाही कोणी होऊ दिली नाही.

मग रीघ लागली. ज्यांना मुलगे नव्हते ते दोघे पाठोपाठ आले. जुळ्यांचा बाप आला, कारण दोन पोरांच्या मधे बसल्यामुळे शब्द त्याच्या एकट्यावर आला होता आणि ऑफिसात त्याला त्याच नावाने हाक मारायला लागले होते. एका सुनेने दबक्या आवाजात फोन करून विचारलं की सासूबाईंवरचा शब्द तसाच ठेवून बाकी फोटो साफ करून मिळेल का, अर्ध्या पैशांत. ताईने शांतपणे सांगितलं की सोय चांगली आहे, पण पैसे पूर्ण पडतील. सुनेने पूर्ण भरले. तो फोटो कुठे टांगला, ते कळलं नाही.

फोटोग्राफर हे सगळं आ वासून बघत होता. ताईने कोणावर आवाज चढवला नाही, कोणाला उशिराचं कारण विचारलं नाही. आलेल्या माणसाला ती खुर्ची देई, अल्बम उघडून त्याच्यासमोर ठेवी, पैसे घेई आणि कार्डावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारी. लाजेने आत आलेला माणूस बाहेर पडताना अल्बम छातीशी धरून जात असे. त्यातल्या दोघांनी तर पुढच्या कार्याची ऑर्डर देऊन टाकली, आगाऊ रकमेसह. आपण अठ्ठावीस वर्षं माणसांना हसायला सांगत आलो, पण सरळ उभं राहायला हिनेच शिकवलं, असं फोटोग्राफरला वाटलं. हे त्याने बायकोला बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "तुमच्यावर तो शिक्का चाळीस वर्षं आहे, तुम्ही कधी उभे राहणार?"

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा बेचाळीस कार्डांवर रेघा होत्या आणि भाड्याची रक्कम तरीही निम्मीच भरली होती. उरलेली निम्मी एकाच कार्डात होती. ते कार्ड अध्यक्षांचं.

अध्यक्ष नेमके कशाचे, हे आता कोणी विचारत नसे. तीन संस्थांचे तरी होते. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तीन दिवसांचा सोहळा झाला, नऊशे फोटो निघाले आणि कातडी बांधणीचा अल्बम कपाटाचा अख्खा खालचा खण अडवून बसला. मुख्य फोटोत अध्यक्ष उंच पाठीच्या खुर्चीत होते, आणि शब्द या कानापासून त्या कानापर्यंत बसला होता. हा एक फोटो फोटोग्राफरने पाठवलाच नव्हता. ताईने कार्ड पुढे धरलं. निदान यांच्यापुरतं तरी नाव कोपऱ्यात टाकू, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"प्राचार्यांनासुद्धा तेच स्मरणपत्र जायचं," ताई म्हणाली. "पाठव, सोन्या. खोली तुझी आहे."

त्याने डोळे मिटून पाठवला.

तो दिवस गेला, फोन नाही. दुसरा दिवस, म्हणजे महिन्याचा शेवटचा, दुपारपर्यंत कोरडा गेला. डेंटिस्ट टेप घेऊन आला आणि दिलगिरी व्यक्त करत भिंत मोजून गेला. चार वाजता बाहेर गाडी थांबली. ड्रायव्हरचा हात धरून अध्यक्ष सावकाश आत आले, खुर्चीत बसले आणि कोटाच्या खिशातून जाड पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "मोजून घ्या," एवढंच म्हणाले. ताईने मोजलं, रेघ मारली, अल्बम ड्रायव्हरच्या हाती दिला. अध्यक्षांनी मान हलवली आणि गेले. रागाचा शब्द नाही, खुलासा नाही. इतका मोठा माणूस एका शब्दाने इतका नम्र होतो, हे बघून फोटोग्राफरच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वाजता घरमालकांना भाडं पोचलं. साडेपाचला तो आतल्या खोलीत जाऊन स्टुलावर नुसताच बसून आला.

"ताई, मानलं तुला," तो म्हणाला. "अध्यक्षांना वाकवलंस."

ताई कार्डं खोक्यात भरत होती. तेवढ्यात अध्यक्षांचा ड्रायव्हर पावती मागायला परत आला, आणि पावती लिहून होईपर्यंत उभ्या उभ्या बोलला. साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सहा महिन्यांपासून फोन काही वाचता येत नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे. त्याआधी शिंपी, दूधवाला, फोटोवाला, सगळ्यांची बिलं चुकती करायला ते सकाळपासून फिरतायत.