नळाखालची नावं

उज्वलाने कोपराने नळ उघडला आणि धार नवसाबाईंच्या हातांवर येऊ दिली.

"चोळा, आजी. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आणि नावं?"

"घेते ना." साबणाचे हात एकमेकांवर फिरू लागले. "आमचे हे. नाथा. मल्हारी. शकू. साई. पूजा."

घड्याळ न कळणाऱ्या बायकांसाठी उज्वलाने ही युक्ती काढली होती. नवजात बाळांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी घरातल्या एकेकाचं नाव सावकाश घ्यायचं आणि ती संपेपर्यंत हात चोळायचे. पहिल्या दिवशी नवसाबाई पहिल्याच नावाला अडल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं.

"मग 'आमचे हे' म्हणा," उज्वला म्हणाली होती. "जंतूंना काय कळतंय."

"आन् बाळाचं?"

"तिचंही घ्या की."

"नाय बाई. बारशाआधी नाव घेत नाय आमच्यात. ठरलेलं असलं तरी ओठावर नाय आनत."

पूजा, त्यांची सून, खालच्या मजल्यावर तापाने पडून होती. त्यामुळे देवळ्याहून आलेल्या या सासूलाच नातीपाशी बसायची मुभा मिळाली होती. त्यासाठी नवसाबाईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून पदराच्या गाठीत बांधल्या होत्या.

"म्हातारा काल विचारीत होता, हात मोकळे का म्हनून," त्या हात झटकत म्हणाल्या. "म्हनलं, सिस्टरबाईला विचार. माझ्या कुंकवाची काळजी आता तिलाच."

उज्वला हसली. एकाच गोष्टीवर दोघींचं जमत नव्हतं. नवसाबाईंच्या कनवटीला सप्तशृंगी गडावरच्या अंगाऱ्याची पुडी होती. बोटभर तरी लेकराच्या कपाळाला लावू द्या, असं त्या रोज विचारत आणि उज्वला रोज नाही म्हणे.

"देवीच्या अंगाऱ्यात कसले आलेत जंतू?"

"मीसुद्धा मंगळवार धरते, आजी. पण माझी देवी दाराबाहेर थांबते. तुमचीही थांबेल."

आज नवसाबाई आत गेल्या. काचेच्या पेटीच्या खिडकीतून हात घालून त्यांनी बाळाच्या तळपायाला बोट टेकवलं आणि घरच्या अहिराणीत, माझी माय म्हणत, पुटपुटल्या, "मनी माय, मनी माय ती."

डॉक्टरांनी उज्वलाला दाराशी बोलावलं. रिपोर्टचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला होता.

"रक्तात पसरलंय. आणि जंतू बाहेरून आलेला नाही, सिस्टर. इथलाच आहे. एकही औषध त्याला लागू पडत नाहीये."

"मग?"

"चालू ठेवू, आहे ते. आजींना बसू द्या, बसतील तितका वेळ."

ते गेले. उज्वलाची नजर पेटीच्या कडेला टांगलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर गेली. मागच्या आठवड्यात टाकीचं पाणी संपलं होतं. बाटलीचा पंप दाबला तर नुसती हवा आली होती. त्याच वेळी तीन पेट्यांवरची यंत्रं एकदम वाजू लागली आणि ड्युटीवर दोघीच होत्या. तेव्हा तिने एका बाळावरून दुसऱ्याकडे हात नेला होता. दुसरीनेही नेला असेल. कोणत्या हातातून गेलं हे आता देवही सांगणार नव्हता. कशालाही शिवलेली नसताना ती नळाशी गेली आणि हात लाल होईपर्यंत चोळत राहिली.

मग ती पेटीपाशी आली. बाळाचं पोट भराभर वरखाली होत होतं. मध्येच थांबत होतं.

"आजी, पुडी आहे ना जवळ?"

"हाय की."

"लावा. कपाळाला. चिमूटभर."

नवसाबाईंचा चेहरा उजळला. घाईने त्यांनी पुडी सोडली, करंगळी राखेत बुडवली आणि हात खिडकीपर्यंत नेला. तिथे तो थांबला. त्यांनी मान वळवून उज्वलाकडे पाहिलं. उज्वला सरळ असलेली चादर पुन्हा सरळ करत होती.

"आज कसं काय चालतंय, बाई?"

चादरीची कड उज्वलाच्या बोटांत गोळा झाली होती.

नवसाबाईंची नजर त्या गोळा झालेल्या कडेवरून पेटीतल्या बाळाकडे गेली. मग करंगळीवरची राख त्यांनी पुडीत झटकली, कागद जुन्याच घड्यांवर मिटला आणि कनवटीला खोचला.

"नको. एवढे दिवस पाळलं. आता कशाला मोडायचं."

"आजी, मीच सांगतेय—"

"कळलं, बाई. कळलं मला."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत नळाशी गेल्या. शिकवल्याप्रमाणे कोपराने त्यांनी नळ उघडला, साबण घेतला, बेचक्यांत बोटं घातली.

"आमचे हे," त्या म्हणाल्या. "नाथा. मल्हारी. शकू. साई. पूजा."

इथे नावं संपत. उज्वला धुतलेल्या हातांसाठी कोरडं कापड घेऊन मागे उभी राहिली.

नवसाबाईंचे हात थांबले नाहीत.

"कस्तुरा," त्या म्हणाल्या. आणि पाणी वाहत असताना पुन्हा एकदा, अंगणातून हाक मारावी तसं, "कस्तुरा."