चटईवरून

दुकानातल्या त्या भल्यामोठ्या रिअर-प्रोजेक्शन टीव्हीसमोर दुलारी पदर सावरून चक्क फरशीवर बसू लागली, तशी उदेलालची कानशिलं तापली.

"उठ वं! दुकानात कोनी खाली बसते का?"

"पाहून राहिली जी, खालून कसा दिसते तं."

"भाभीजी, सोफे पे बैठिए ना," म्हणत दुकानदार गालातल्या गालात हसला. ते हसू उदेलालला झोंबलं. दुलारी मुकाट्यानं उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मग उदेलालनं टीव्हीच्या नेमक्या समोर ताठ उभं राहून तो पसंत केला. उभी हयात राइस मिलमध्ये दुसऱ्यांचं धान मोजण्यात गेलेली. एकदा तरी मिरवावंसं वाटलं, तर त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं?

कुडवा गावातल्या घरात कपाटाएवढं ते धूड आलं आणि अर्धी खोली अडवून बसलं. समोरच्या खुर्चीवर म्हातारे वडील, चुन्नीलाल. शेजारच्या खुर्चीवर उदेलाल. दुलारीची चटई स्वयंपाकघराच्या दाराशी, टीव्हीच्या कुशीला लागून. सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नसे. उदेलाल हे लग्नाकार्यात चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी रिमोट त्याच्या हातून निसटला आणि त्यातला सेल घरंगळत चटईपाशी गेला. उदेलाल गुडघे टेकून तो उचलायला वाकला आणि सहज त्यानं वर पाहिलं. पडदा काळा होता. गाणं वाजत होतं, माणसं मात्र गायब. त्यानं मान उंच केली, चित्र दिसलं. खाली केली, पुन्हा अंधार.

"तुले काही दिसत नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"आवाज येते नं."

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

दुलारी लाखोळीची भाजी निवडत राहिली. "दुकानात पाहून घेत होती, तं तुमाले माही लाज वाटली. मंग कायले सांगू?"

उदेलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराचं ते हसू आठवलं, आणि आपण त्याच्याच बाजूनं उभे होतो हेही.

"माह्या खुर्चीवर बस," तो कुजबुजला.

तिनं सासऱ्यांकडे नजर टाकली, पदर पुढे ओढला आणि मानेनंच नाही म्हटलं. वडिलांना काही म्हणायला उदेलाल त्यांच्याकडे वळला. ज्याचं कौतुक सांगत गावभर फिरला, ते आता कोणत्या तोंडानं मोडायचं?

तो उठला नाही. तिथंच, तिच्या चटईच्या कडेला बसून राहिला.

पडद्यावर काहीतरी गमतीचं घडलं असावं. खुर्चीवर चुन्नीलाल खो खो हसले. त्यांचं हसू ऐकून, जरा उशिरानं, दुलारीही हसली.