नेमाण्णाचं मत

आमच्या गावाला भांडायला विषय लागत नाही, पण त्या वर्षी तो फुकट मिळाला. सांगलीच्या लाइनीवर नवे रुंद रूळ पडले होते. गावाला लागून गाड्या धडधडत जायच्या, थांबायची एकही नाही. एस.टी.सुद्धा फाट्यावरूनच पुढं जायची. अशात तालुक्याच्या पुढाऱ्याचा निरोप आला, "रेल्वेचा थांबा मागा, न्हाईतर गावात यष्टी मागा. दोन्ही मागाल तर एक बी मिळणार न्हाई."

झालं! गावात दोन तट पडले. मी, नाथाजी, यष्टीवाल्यांचा पुढारी. फौजेत असताना मी रेल्वेत इतका बसलोय, की लाल सिग्नल दिसला तरी माझं टाळकं सरकतं.

दोन्हीकडची माणसं मोजली तर सारखीच भरली. उरला एकटा नेमाण्णा. माझ्या बांधाला बांध असलेला हा जैन शेतकरी. दिवस मावळला की त्याच्या घरात कुणी अन्नाला शिवत नाही. त्याची चंदनबाला मॅट्रिक झाली होती आणि सांगलीच्या कॉलेजात जायचं म्हणून हटून बसली होती. नेमाण्णानं तिला सांगितलं होतं, "दिवस मावळायच्या आत घरी यिऊन जेवलीस तर जा. न्हाईतर न्हाई." जे वाहन तिला उजेडात घरी आणील, त्याला त्याचं मत.

"मग बघूया की!" मी म्हणालो, आणि बापलेकींबरोबर मीही सांगलीला गेलो.

येताना माझी एस.टी. वेळेवर सुटली. मी मिशीला पीळ दिला. पण कारखान्याचं गाळप जोरात होतं, आणि अर्ध्या रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची ही रांग! पुढच्या गाडीचं चाक निखळून आडवं पडलेलं. मी खाली उतरून तोंड सोडलं, तर गाडीवर बसलेला माझाच पुतण्या गुंडा निघाला. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता. नेमाण्णा उपाशीच झोपला, आणि पोरगीही.

पुढच्या आठवड्यात रेल्वे. गावाला थांबा नव्हता, म्हणून पुढच्या स्टेशनात उतरून चालत यायचं ठरलं. खिडकीजवळ ऐसपैस जागा मिळाली, आणि मधल्याच एका स्टेशनात गाडी थांबली. समोरच्या गाडीला वाट द्यायची होती. ऊन उतरायला लागलं. रेल्वे हरली म्हणून मी मनात खूश झालो, पण समोर चंदनबालाचा चेहरा बघितला आणि मिशीवरचा हात खाली घेतला. लेकराचं कॉलेज आमच्या डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं.

तिनं बाक पुसला आणि फडकं सोडलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांब्यात गाळलेलं पाणी.

"आप्पा, अजून ऊन हाय. जेवून घ्या."

"हितं? गाडीत?"

"घरचंच अन्न हाय की वं. माझ्या हातचं."

नेमाण्णानं खिडकीतून सूर्याकडं बघितलं, मग लेकीकडं. आणि दशमी मोडली. मला रात्री जेवायला कुणाची बंदी नव्हती, तरी मी दोन हाणल्या. त्यानं हात धुतला तेव्हा उसाच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं.

ग्रामसभेला चावडीसमोर ही गर्दी! सरपंच लालासाहेबांनी विचारलं, "नेमाण्णा, बोला. उजेडात घरी कशानं पोचला?"

"कशानंच न्हाई."

माझ्या शेजारचे यष्टीवाले हसले. नेमाण्णा उभाच होता.

"पर जेवलो उजेडात. उजेडातच जेवायचं, हे धरमाचं. घरीच जेवायचं, हे माझं मी घातलं व्हतं. ते आज काढलं. पोरगी जूनपासनं कॉलेजात जाणार."

"आवं, ते बेस झालं," लालासाहेब वैतागले, "पर मत कुणाला? रेल्वे का यष्टी?"

"रोज जायाचं तिला हाय. तिलाच इचारा."

सगळी सभा बायकांच्या बाजूला वळली. आमच्या चावडीवर आजवर पोरींची लग्नं ठरली, भांडणं मिटली, पण एखाद्या पोरीला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. चंदनबाला पदर सावरत उभी राहिली. मग माझ्याकडं बघून ती हसली.

"रागवू नगा, नाथाजीकाका," ती म्हणाली. "रेल्वे. तिथं बसून वाचता येतंय."

हात सगळ्यात आधी मी वर केला.