आडव्या घोडीचं वाद्य

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं जिन्यातही उभी होती, आणि उशिरा आलेले पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघत होते. समोर काळा पडदा, त्यावर टांगलेलं एक जुनं वाद्य. तारांच्या जागी घोड्याच्या शेपटीचे केस, वाजवायच्या गजालाही तेच केस. गज खाली स्टुलावर पडलेला, जवळ कोणी नाही. आणि तरीही वाद्य कण्हत होतं.

नादबाबा, म्हणजे परवापरवापर्यंत लाउडस्पीकर भाड्याने देणारे गृहस्थ, डोळे मिटून समजावत होते. "आत्मा म्हणजे तरंग. तरंग जुळला की गेलेलं माणूस उतरतं. मोबाईल बंद ठेवा, त्यांना रेंज मिळत नाही." यावर कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी भराभर मोबाईल बंद केले.

वाद्य ज्याचं, तो वादक वारला होता. त्याची बायको पहिल्या रांगेत होती, आणि शेजारी त्याची धाकटी बहीण, शाळेत हेच वाद्य शिकवणारी बाई. बाबाचं हे प्रकरण बाईंनी आधी हसण्यावारी नेलं होतं. पण काल वहिनींच्या कपाटात हृदयाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली, म्हणून आज त्या वहिनींबरोबर इथे आल्या होत्या. गोळी चुकली तर खैर नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनींनी मात्र नवऱ्यालाच विचारलं होतं. वाद्य कण्हलं की होकार, गप्प राहिलं की नकार. गोळ्या घेऊ का, असं विचारल्यावर ते गप्प राहिलं. गोळ्यांनी बरं वाटू लागलं तर बाबांचं मंतरलेलं पाणी कोण विकत घेणार?

बाई वाद्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना काहीतरी खटकत होतं. मग एकदम लक्षात आलं, घोडी आडवी होती. घोडी म्हणजे केसांना उचलून धरणारा लाकडाचा बारका तुकडा. वाजवायचं नसलं की वादक तो आडवा करतात, म्हणजे केसांचा ताण उतरतो आणि खालचं, वाद्याच्या पोटावर ताणलेलं कातडं खचत नाही. दादाने शेवटचं वाजवून घोडी आडवी केली होती, आणि ती पुन्हा उभी करायला तो राहिला नव्हता. लाउडस्पीकरवाल्याला हे कुठून ठाऊक असणार! त्या ढिल्या केसांतून साक्षात दादा आला असता तरी आवाज निघाला नसता. म्हणजे कण्हत होतं ते कातडं होतं.

बाई उठल्या. तरंग तुटेल, असं बाबा ओरडले, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कातड्यावर बोट फिरवलं तर मधोमध एक गाठ लागली. गाठीतून एकच लांब केस वाद्याच्या पोकळ पोटातून मागे निघून पडद्याच्या आरपार गेला होता. बाईंनी पडदा सारला. मागे न्हाणीघराचं दार होतं, आणि आत बाबांचा मेहुणा बादली पालथी घालून बसला होता. बोटांना राळ फासलेली, चिमटीत केसाचं दुसरं टोक.

त्याच्याजवळचा राळेचा खडा बाईंनी आपल्या बोटांना चोळला आणि सगळ्यांदेखत तोच केस चिमटीतून ओढला. वाद्य कण्हलं.

"राळेमुळे बोट केसाला चिकटत, सुटत सरकतं. ती थरथर कातड्यापर्यंत जाते आणि आवाज होतो. यात माझा दादा कुठेही नाही. तुम्ही कुणीही करून बघा."

एकदोघांनी करून पाहिलंही. बाकीचे चपला शोधू लागले. लोकांना फसवणाऱ्यापेक्षा, तुम्ही फसलात हे दाखवणाऱ्याचाच राग जास्त येतो. बाईंनी गरिबांचा आधार काढून घेतला, असं जिन्यात कुणीतरी म्हणालंच. त्या गर्दीतून बाबा आणि मेहुणा सटकले. त्यांना काय, दुसरी खोली आणि दुसरा पडदा कुठेही मिळेल.

घरी आल्यावर बाईंनी वाद्य टेबलावर ठेवलं आणि वहिनींपुढे गोळी आणि पाण्याचा पेला. वहिनी गोळीला हात लावेनात. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात जोडले.

"त्यांनी हो म्हटलं तर घेते," वहिनी म्हणाल्या.

बाईंचा हात वाद्यामागून अजून लोंबणाऱ्या त्या केसाकडे गेला. दुपारी उघडी पाडलेली थाप आपणच पुन्हा मारायची, याची त्यांना लाज वाटली. पण जीव वाचत असेल तर एकदा मारू, असं म्हणून त्यांनी केस ओढला. वाद्य लांब कण्हलं.

वहिनींनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "ते तुम्ही ओढलंत, वन्सं. तुम्हीच तर दाखवलंत ना सगळ्यांना?"

"मग गोळ्यांना नकार दिला तोही त्या मेहुण्यानेच."

"हो, तेही कळलं. पण ते बोलतच नाहीत म्हटल्यावर गोळ्या घेऊन जगायचं कुणासाठी?"

माझ्यासाठी, असं बाई म्हणाल्या. वहिनींनी मायेने त्यांचा हात थोपटला आणि पेला बाजूला सारला. पुढे त्या फार दिवस जगल्या नाहीत.

म्हणून सांगणं एवढंच. एखादं वाद्य आपोआप वाजू लागलं, तर हात जोडण्याआधी भिंतीच्या पलीकडे जाऊन या, तिथे कोण बसलंय ते बघा. आणि पहिल्याच दिवशी जा. उशिरा गेलं की केस हाती लागतो, माणूस लागत नाही.